म्हाताऱ्या मांजरीचीं नखें

मांजर चौदा-पंधरा वर्षांचें झालें म्हणजे त्याचीं नखें कापावीं कीं कापूं नयेत, आणि कापावयाचीं तर तें गुरगुरत व झोंबत असतां कापण्याचा आपणांस अधिकार काय, हा प्रश्न एका वाङ्मयीन मासिकाच्या पानांवर आलेला पाहून कित्येक वाचकांस हंसूं आल्यावांचून राहणार नाहीं. त्यांच्या हंसण्याचा आम्हांस राग नाहीं. ज्ञानाचें स्वरूप काय, इच्छास्वातंत्र्य खरें कीं भ्रामक, अशा विषयांवर आमच्या पिढीनें महाविद्यालयांतून पुष्कळ वाद घातले. पण त्या वादांत कोणी हरल्यानें वा जिंकल्यानें कोणाच्या पायाला इजा झाल्याचें आमच्या ऐकिवांत नाहीं. येथें तशी स्थिति नाहीं. येथें निर्णय लांबणीवर टाकला तर नख वाढत राहतें, वाढतां वाढतां आंत वळतें, आणि एके दिवशीं पंजाच्या गादींत शिरतें. मग मांजर लंगडूं लागतें आणि घरचीं माणसें म्हणतात, 'म्हातारी झाली बिचारी.'

प्रथम वस्तुस्थिति काय आहे ती पाहूं. मांजराला बहुधा अठरा नखें असतात. पुढच्या प्रत्येक पायाला पांच आणि मागच्या प्रत्येक पायाला चार. हीं नखें कांद्याच्या पापुद्र्यांप्रमाणें थरांथरांनीं बनलेलीं असतात. मांजर झाडाच्या सालीवर अथवा गोणपाटावर पंजे ताणून ओरखडे काढतें, तेव्हां बाहेरचा जुना पापुद्रा टरफलासारखा गळून पडतो व आंतलें ताजें नख मोकळें होतें. सोफ्याच्या पाठीमागें केर काढतांना चंद्रकोरीच्या आकाराचीं जीं पांढुरकीं टरफलें सांपडतात तीं हींच. सोफा फाडला म्हणून ज्या मांजरावर आपण ओरडतों, तें बिचारें आपलीं नखें काढीत असतें. त्याच्यापाशीं दुसरें साधन नाहीं.

आतां पंजे ताणावयाचे म्हणजे खांदा, कोपर आणि पाठीचा कणा या सर्वांना ताण द्यावा लागतो. तरुण मांजराला त्यांत सुख वाटतें. संधिवात जडलेल्या मांजराला वेदना होतात. आणि मांजरांत हा विकार आपण समजतों तितका विरळ नाहीं. अमेरिकेंतील पशुवैद्यांनीं २००२ सालीं प्रसिद्ध केलेल्या एका अभ्यासांत बारा वर्षांवरील शंभर मांजरांचे क्ष-किरण फोटो तपासले होते. त्यांतील नव्वदांच्या सांध्यांत झीज दिसून आली. असें असूनही आपणांस पत्ता लागत नाहीं, याचें कारण मांजर कुत्र्याप्रमाणें केविलवाणें ओरडून दुखणें सांगत नाहीं. तें नुसतें कपाटावर उडी मारण्याचें सोडून देतें. पूर्वीं एका झेपेंत खिडकींत जाणारें मांजर आधीं खुर्चीवर, मग टेबलावर, आणि मग खिडकींत जातें. पुढें खिडकीच सोडतें. अंग चाटणें कमी होतें, पाठीवरचे केंस गुंततात. ओरखडे काढण्याचें बंद पडतें, त्यामुळें जुने पापुद्रे नखावरच सांचून नख जाड, ठिसूळ व वांकडें होतें. म्हाताऱ्या मांजराचीं नखें पुष्कळदां पुरतीं आंत ओढलीं जात नाहींत आणि चालतांना फरशीवर टक्‌ टक्‌ असा आवाज होतो. ज्या प्राण्याची पावलें वाजत नाहींत म्हणून त्याची ख्याति, त्याची पावलें घरांत ऐकूं येऊं लागलीं म्हणजे लक्ष द्यावें. त्यांतही पुढच्या पायाच्या आंगठ्याचें नख सर्वांत घातक. तें जमिनीला टेंकतच नाहीं, म्हणून झिजतही नाहीं, आणि वाटोळें वळून मांसांत रुतण्याचा मान बहुधा त्याचाच.

'निसर्गाचें काम निसर्गावर सोपवावें, मांजराचीं नखें कापणें हा फ्लॅटांत राहणाऱ्यांचा चोचला आहे,' असें म्हणणारे एक वयोवृद्ध सद्गृहस्थ आम्हांस कल्याणांत भेटले. त्यांचें बालपण पारनाक्याकडील एका जुन्या वाड्यांत गेलें. मागल्या दारीं जांभळाचें झाड, ओसरीला लांकडी खांब, माजघरांत सारवलेली जमीन, कोठींत भाताचीं पोतीं. त्या वाड्यांतील मांजरीचीं नखें कोणीं कापल्याचें त्यांस आठवेना, आणि तें खरेंच असणार. जिला खांब, झाड आणि पोतीं मोकळीं होतीं तिला नेलकटरची गरज कशाला? पण ती मांजरी किती वर्षें जगली असें आम्हीं विचारलें तेव्हां त्यांना सांगतां आलें नाहीं. 'एक दिवस दिसेनाशी झाली,' एवढेंच ते म्हणाले. त्या काळच्या बहुतेक मांजरांचें चरित्र याच वाक्यानें संपत असे. निसर्गानें नखांचा प्रश्न सोडविला होता हें खरें, पण म्हातारपणाचा प्रश्न त्यानें म्हातारपण येऊं न देऊन सोडविला होता, हेंही तितकेंच खरें.

आज त्या वाड्यांच्या जागीं इमारती उठल्या आहेत. डोंबिवलींत तर बैठीं घरें शोधावीं लागतात, आणि ठाण्यास घोडबंदर रस्त्यावर वीस-वीस तीस-तीस मजले एकावर एक चढले आहेत. मांजर खालीं पडूं नये म्हणून खिडक्यांना जाळ्या, जमिनीवर गुळगुळीत टाइल्स, लांकडाच्या जागीं सनमायका; तांदूळसुद्धां पांच किलोच्या प्लास्टिकच्या पिशवींतून येतो, मग गोणपाट कोठून दिसणार? अशा घरांत मांजराला आपण आणतों, लस टोंचतों, बाहेर जाऊं देत नाहीं, तयार अन्न घालतों, आणि तें पंधरा-सोळा वर्षें जगतें. याविषयीं आमची तक्रार नाहीं. रस्त्यावर मोटारीखालीं सांपडण्यापेक्षां हें बरेंच बरें. पण झाड आणि खांब आपण काढून घेतले असतील तर झाडाचें व खांबाचें काम आपल्या गळ्यांत पडतें, आणि तेवढ्यापुरता निसर्गाचा आधार घेऊन मोकळें होतां येत नाहीं. दयेचा प्रश्न यानंतर येतो. हा आधीं हिशेबाचा प्रश्न आहे.

आपल्या धर्मशास्त्रानें या हिशेबाची एकच बाजू लिहून ठेवली आहे. मांजर मारल्याचें प्रायश्चित्त मनुस्मृतींत सांगितलें आहे, आणि हातून मांजर मेलें तर सोन्याचें मांजर करून काशीस दान करावें लागतें हें तर प्रत्येक मराठी घरांत आजीच्या तोंडून ऐकलेलें असतें. त्या सोन्याच्या धाकानें किती मांजरें वांचलीं असतील, देव जाणे. पण कोणीं दुर्लक्ष केलें, नख पायांत रुतलें, तें मांजर दोन महिने तीन पायांवर चाललें, तर त्याला प्रायश्चित्त नाहीं. तें पाप कोणत्या खात्यावर मांडावयाचें हें कोणीं सांगितलें नाहीं. उलट १९६० सालच्या प्राण्यांस क्रूरतेनें वागविण्यास प्रतिबंध करणाऱ्या कायद्याचें तिसरें कलम या बाबतींत अधिक सूक्ष्म आहे. प्राणी ज्याच्या ताब्यांत असेल त्यानें त्याच्या स्वास्थ्यासाठीं व त्याला विनाकारण यातना होऊं नयेत यासाठीं सर्व वाजवी उपाय योजले पाहिजेत, असें कर्तव्यच तें घालून देतें. मात्र ज्याच्या स्वास्थ्यासाठीं उपाय योजावयाचे तोच जर दांत दाखवून 'नको' म्हणत असेल तर वाजवी कशाला म्हणावें, हें तें कलम सांगत नाहीं. कायद्यानें सांगावें अशी अपेक्षाही नाहीं.

डोंबिवलीस टिळकनगरांत आमचे एक स्नेही राहतात. बँकेंतून निवृत्त झालेले गृहस्थ. घरांत ते, त्यांच्या पत्नी आणि शहाऐंशी वर्षांच्या मातोश्री. मनी पंधरा वर्षांची. गेल्या पावसाळ्यांत तिच्या आंगठ्याचें नख गादींत रुतलें, पू झाला, आणि टोपलींत घालून तिला दवाखान्यांत न्यावें लागलें. तेव्हांपासून नखें घरींच वेळेवर कापावयाचीं असा ठराव झाला. आम्ही एका रविवारीं गेलों तेव्हां ठरावाची अंमलबजावणी चालली होती. स्नेही मनीला पंचांत गुंडाळून मांडीवर दाबून बसले होते, वहिनी नेलकटर घेऊन समोर उभ्या, आणि मनीचा आवाज जिन्यापर्यंत येत होता.

"अहो, ती नको म्हणते आहे ना, मग सोडा तिला," वहिनी म्हणाल्या.

"नको म्हणते म्हणून सोडली तर पुढच्या महिन्यांत पुन्हां डॉक्टरकडे. ते काय तिला विचारून कापणार आहेत?" स्नेह्यांनीं उत्तर दिलें, आणि ते चुकीचें होतें असें आम्हांस म्हणवत नाहीं.

त्यावर कोपऱ्यांतल्या खाटेवरून मातोश्री बोलल्या. "माझीं नखें सूनबाई काढते. मला वांकतां येत नाहीं, गुडघे दुमडत नाहींत. पण ती आधीं विचारते, आई, आज काढूं का? मी कधीं म्हणतें, आज नको, उद्यां. मग ती उद्यां काढते. अरे, त्या मुक्या जिवाला 'उद्यां' म्हणायला तूं जागा कुठें ठेवली आहेस?"

या तिघांच्या बोलण्यांत आमच्या मतें सगळा प्रश्न आला आहे. वहिनींच्या मतें नकार हा नकारच आहे आणि तो मानला पाहिजे. स्नेह्यांच्या मतें नकार मानला तर हित बुडतें, म्हणून तो बाजूस सारला पाहिजे. आणि मातोश्रींनीं जें सांगितलें तें या दोहोंच्या मधलें नसून निराळेंच आहे. तें काय आहे याचा उलगडा करण्यापूर्वीं तत्त्ववेत्त्यांना विचारून पाहावें, ही आमची व्यवसायानें लागलेली संवय.

तत्त्ववेत्त्यांकडून फारशी मदत होत नाहीं. देकार्तला प्राणी हें यंत्र वाटत असे. यंत्राच्या किंकाळीचा विचार करण्याचें त्याला कारण नव्हतें. कांटनें १७९७ सालच्या आपल्या नीतिविषयक ग्रंथांत म्हाताऱ्या घोड्याविषयीं व कुत्र्याविषयीं एक हृद्य विधान केलें आहे: त्यांनीं दीर्घकाळ केलेल्या सेवेबद्दल कृतज्ञता बाळगणें हें माणसाचें कर्तव्य आहे, पण अप्रत्यक्षपणें; म्हणजे तें कर्तव्य घोड्याचें देणें नसून माणसानें स्वतःचें मन निबर होऊं देऊं नये यासाठीं आहे. घोड्या-कुत्र्यांचें ठीक, पण मनीनें कोणती सेवा केली? त्या तिसऱ्या मजल्यावर पंधरा वर्षांत उंदीर आला नाहीं. ती खाटेवर झोंपली, दूध प्याली आणि तिघांच्या पायांत आली. सेवेच्या मोबदल्यांत शुश्रूषा हा न्याय लावला तर मांजराच्या वांट्याला कांहींच येणार नाहीं, आणि खरें बोलावयाचें तर तो न्याय आपल्या घरांतील म्हाताऱ्या माणसांनाही पुष्कळ वेळां अपुराच पडतो. बेंथामनें १७८९ सालीं प्राण्यांच्या बाबतींत त्यांना तर्क करतां येतो कीं नाहीं हा प्रश्न दूर सारून त्यांना दुःख होतें कीं नाहीं एवढेंच पाहावयास सांगितलें. हें आम्हांस मान्य आहे, पण त्यानेंही भागत नाहीं. कारण येथें दुःख दोन्हींकडे आहे. कापलें तर आजचें, न कापलें तर पुढच्या महिन्याचें. बेरीज करून निकाल लावावा म्हटलें तर बेंथामच्या तराजूंत नखाचें पारडें जड होतें आणि स्नेही बरोबर ठरतात. मातोश्रींना जें खुपलें तें त्या तराजूंत पडतच नाहीं.

खरी अडचण दुसरीकडे आहे. 'तुझ्याच हितासाठीं' हे शब्द कानावर आले म्हणजे या देशांतील सुशिक्षित माणसानें सावध झालें पाहिजे. जॉन स्टुअर्ट मिलनें १८५९ सालीं स्वातंत्र्यावर जो निबंध प्रसिद्ध केला त्यावर आमच्या आजोबांच्या पिढीचा पिंड पोसला. कोणाचेंही केवळ त्याच्याच हितासाठीं त्याच्या इच्छेविरुद्ध नियमन करूं नये, हा त्यांतला सिद्धांत. पण त्याच निबंधांत मिलनें अपवादही नोंदविले आहेत: एक अज्ञान मुलांचा, आणि दुसरा मागासलेल्या समाजांचा. १८२३ पासून १८५८ पर्यंत ईस्ट इंडिया कंपनीच्या लंडनमधील कचेरींत नोकरी केलेल्या गृहस्थाच्या मनांत हा दुसरा अपवाद लिहितांना कोणते समाज असतील हें सांगावयास नको. आपल्याला आपलें हित कळत नाहीं, म्हणून आपला नकार मोजावयाचा नाहीं, हा न्याय आपण जवळजवळ नव्वद वर्षें त्यानंतर सोसला आहे. तोच न्याय आपण आपल्या घरांतील मांजराला, लहान मुलाला व म्हाताऱ्या आईला किती सहज लावतों!

कोणी म्हणेल, मांजराची गोष्ट वेगळी. तिला खरोखरच कळत नाहीं. नखाविषयीं कळत नाहीं, हें आम्हांस कबूल आहे. नख वाढून मांसांत जाईल हा विचार मांजराच्या डोक्यांत येणें शक्य नाहीं, आणि त्याविषयीं तिचें मत घेण्यांत अर्थ नाहीं. परंतु मनी त्या दिवशीं ज्या गोष्टीला 'नको' म्हणत होती ती नखाची गोष्ट होती काय? स्नेही तिचा पुढचा पाय धरून सरळ बाहेर ओढीत होते. झिजलेल्या कोपराचा व खांद्याचा सांधा असा ताणला गेला म्हणजे काय होतें हें आमच्या वयाच्या कोणत्याही माणसानें बसचा दांडा धरतांना अनुभवलें असेल. मनी नेलकटरला नकार देत नव्हती, ती त्या ताणाला नकार देत होती. नखाविषयीं अधिकार आपला असेल, खांद्याविषयीं अधिकार तिचा आहे. त्या विषयांत जगांत तिच्याइतका जाणकार दुसरा कोणी नाहीं, पशुवैद्यही नाहीं. तिचें गुरगुरणें म्हणजे अडाणीपणाचा पुरावा नसून अगदीं अचूक माहिती होती, आणि पंचा अधिक आवळून आपण ती ऐकण्याचें टाळीत होतों. परकीय राज्यकर्त्यांची खरी लबाडी येथेंच होती. आपण प्रजेचें हित पाहतों असें ते म्हणत. यांत क्वचित्‌ तथ्यही असे. पण प्रजेनें हरकत घेतली म्हणजे ती हरकत हाच तिच्या अपात्रतेचा दाखला ठरे. ज्या पालकत्वांत पाल्याची प्रत्येक तक्रार पालकाच्या अधिकाराला बळकटी आणते, तें पालकत्व मांजरावर असो वा माणसावर, तपासून घ्यावें.

आणखी एक कसोटी लावून पाहण्याजोगी आहे: कापण्यानें सुटका कोणाची होते? पूर्वीं बैलाला दोरानें आडवा पाडून त्याच्या खुरांना पत्र्या मारीत. बैलाला त्याचा उपयोग होई हें खरें, पण तो रस्ता, ती गाडी व तें ओझें माणसाचें होतें. पाश्चात्य देशांत याहून वाईट एक शस्त्रक्रिया पुष्कळ वर्षें रूढ होती व कांहीं ठिकाणीं अद्याप आहे. सोफे व पडदे फाटूं नयेत म्हणून मांजराचीं नखें कायमचीं काढून टाकतात. आणि नख हाडालाच धरून वाढत असल्यामुळें त्याबरोबर बोटाचें शेवटलें पेर छाटावें लागतें. 'मांजराला घरांत राहतां यावें' हें त्याचें समर्थन. न्यूयॉर्क राज्यानें २०१९ सालीं कायद्यानें ती बंद केली. अमेरिकेच्या संघराज्यांत असें करणारें तें पहिलें राज्य. ही शस्त्रक्रिया आणि नखाचें टोंक काढणें यांत अंतर जमीन-अस्मानाचें आहे, पण दोन्ही ठिकाणीं शब्द एकच वापरला जातो, तो म्हणजे हित. म्हणून शब्दाकडे न पाहतां सोफ्याकडे पाहावें. ज्या घरांत सोफ्याला ओरखडा दिसला कीं नखें कापलीं जातात आणि चालतांना टक्‌ टक्‌ वाजलें तरी कापलीं जात नाहींत, त्या घरांतल्या हिताचा मालक कोण हें उघड आहे.

साबरमतीच्या आश्रमांत १९२८ सालीं एक वासरूं असह्य वेदनांत तळमळत होतें व त्याच्या बचावाची आशा उरली नव्हती. गांधीजींनीं त्याला टोंचून मरण देवविलें, आणि देशभर गहजब झाला. त्यांनीं दिलेल्या उत्तरांत शस्त्रवैद्याचा दाखला होता: रोग्याच्या हितासाठीं शस्त्र चालविणारा वैद्य हिंसा करीत नाहीं. त्या प्रकरणीं गांधीजींचें बरोबर होतें असें आमचें मत आहे. तथापि तो दाखला आपल्या प्रश्नाला पुरता लागूं पडत नाहीं, कारण वासराची गोष्ट त्याच दिवशीं संपली. नखें दर तीन-चार आठवड्यांनीं वाढतात. मनीला त्याच माणसांत, त्याच खोलींत, दुसऱ्या दिवशीं राहावयाचें आहे, आणि मांजराची स्मरणशक्ति अशा बाबतींत चांगली असते. ज्या खणांत नेलकटर आहे तो खण उघडल्याचा आवाज झाला कीं ती कपाटाखालीं जाते, असें वहिनी सांगत होत्या. संधिवात झालेली मांजरी भीतीनें कपाटाखालीं घुसते, तेव्हां तिला तेथें शिरतांना व निघतांना किती कष्ट पडत असतील! ज्या मांडीवर ती पंधरा वर्षें झोंपली ती मांडी तिला परकी झाली, तर नखें व्यवस्थित राहूनही त्या घरांत तिचें कांहींतरी मोठें नुकसान झालेलें असतें. आणि म्हातारपणीं तें नुकसान भरून निघण्यास वेळ थोडा असतो.

तेव्हां मातोश्रींचें म्हणणें काय होतें तें आतां सांगतां येईल. नखें कापावयाचीं कीं नाहीं याचा निर्णय त्यांनीं स्वतःच्या बाबतींतही स्वतःकडे ठेवलेला नाहीं. तो सुनेकडेच आहे, आणि न कापण्याची मुभा त्या मागत नाहींत. केव्हां, किती आणि कशीं, एवढें त्यांचें आहे. हें थोडें वाटतें. पण परावलंबी जिवाच्या हातांत दिवसाकाठीं जें कांहीं उरतें तें बहुतेक एवढेंच असतें, म्हणून तेंही काढून घेणें फार जाचतें. मनीला 'उद्यां' हा शब्द येत नाहीं, परंतु पाय मागें घेणें, शेपटी आपटणें, कान पाडणें, हे तिचे 'उद्यां'च आहेत. मातोश्रींच्या सूचनेचा अर्थ इतकाच कीं काम अशा बेतानें करावें कीं त्या इशाऱ्याला मान देणें परवडेल. अठरा नखें एका बैठकींत उरकण्याचा हट्ट असेल तर तें परवडत नाहीं. दोन नखें आज आणि दोन उद्यां, असें ठरविलें तर सहज परवडतें.

यापुढची गोष्ट कृतीची आहे, आणि ती सांगण्यांत आम्हांस कमीपणा वाटत नाहीं. नीतिशास्त्र पुष्कळदां असल्या बारकाव्यांतच राहतें. मांजर झोंपेंतून उठून ऊबदार व सुस्त असेल ती वेळ धरावी. थंडीच्या दिवसांत सांधे आंखडलेले असतात, तेव्हां अंथरुणांत गरम पाण्याची पिशवी फडक्यांत गुंडाळून आधीं थोडा वेळ ठेवावी. मांजर जसें निजलें असेल तसेंच राहूं द्यावें. पाय ओढूं नये, वर उचलूं नये, जेथें असेल तेथेंच पंजा हातांत घेऊन वरून व खालून हलकेंच दाबावा, म्हणजे नख आपोआप बाहेर येतें. उजेडाकडे धरलें असतां नखाच्या आंत गुलाबी भाग दिसतो. तो जिवंत आहे. त्यांत रक्त आहे, वेदना आहे. त्याच्या बरेंच अलीकडे, पांढरें टोंक तेवढें काढावें. म्हाताऱ्या मांजराचें नख जाड व अपारदर्शक झालेलें असतें, तेथें तर अगदीं थोडेंच. कातर धारदार पाहिजे. बोथट कातरीनें नख कापलें न जातां चिरडतें. चुकून रक्त आलेंच तर घाबरून न जातां मक्याचें पीठ दाबून धरावें, आणि त्या दिवसापुरतें काम बंद करावें. नख आधींच मांसांत रुतलें असेल तर घरीं हात लावूं नये, डॉक्टरांकडे जावें. आणि एक गोष्ट जरा मोठ्यानें सांगण्यासारखी: दुखत असेल म्हणून माणसाच्या गोळ्या मांजराला कदापि देऊं नयेत. घरोघरीं असणारी पॅरासिटामॉलची एक गोळीसुद्धां मांजराचा प्राण घेऊं शकते. सांधेदुखीवर मांजरांसाठीं निराळीं औषधें आहेत. महिन्यांतून एकदां टोंचावयाचें एक औषध युरोपांत २०२१ सालीं व अमेरिकेंत २०२२ सालीं मान्य झालें. दुखणें कमी झालें तर नखांचा झगडाही कमी होतो, म्हणून डॉक्टरांना पहिल्यानें नखांविषयीं न विचारतां सांध्यांविषयीं विचारावें.

पूर्वीं या भागांतील माणसाला मांजर दाखवावयाचें झालें तर लोकलनें परळ गांठावें लागे. तेथें १८८६ सालीं स्थापन झालेलें पशुवैद्यकीय महाविद्यालय आणि बाई साकरबाई दिनशा पेटिट यांच्या नांवाचें जनावरांचें रुग्णालय आहे. आतां ठाणें, कल्याण व डोंबिवली येथें लहान प्राण्यांचे डॉक्टर जागोजाग झाले आहेत. ही सोय चांगली, पण तिच्यामुळें एक नवी पळवाटही निघाली आहे. नखें वाढलीं, न्या दवाखान्यांत. तेथें दोघांनीं धरून दोन मिनिटांत अठराच्या अठरा कापून दिलीं कीं आपण मोकळे. नाजूक प्रकृतीच्या, फार घाबरणाऱ्या किंवा चावणाऱ्या मांजराला तोच मार्ग योग्य असेल, गुंगीचें औषधही द्यावें लागेल. पण ज्यांना तो मार्ग केवळ स्वतःला नकार ऐकावा लागूं नये म्हणून हवा असतो, त्यांनीं मातोश्रींच्या खाटेजवळ घटकाभर बसावें.

नकाराला किती मोजावयाचें याचा दुसराही एक भाग आहे, आणि तो आमच्या स्नेह्यांनीं स्वतःच शोधून काढला. जीं नखें कापण्याचें कारण नाहीं तीं न कापणें हाही मांजराचा नकार ऐकण्याचाच प्रकार आहे. मनीच्या मागच्या पायांचीं आठ नखें त्यांनीं तपासलीं, तीं ठीक होतीं. मग त्यांनीं बाजारपेठेंत हिंडून एका धान्याच्या दुकानांतून जुनें गोणपाट मिळविलें, फळीला खिळ्यांनीं ठोकलें, आणि भिंतीशीं उभें न करतां जमिनीवर आडवें ठेवलें. कारण उभ्या वस्तूवर पंजे ताणावयास खांदे वर उचलावे लागतात, आडव्यावर लागत नाहींत. आठवडाभर मनीनें त्याकडे पाहिलेंही नाहीं. नंतर एके दुपारीं ती त्यावर जाऊन बसली, आणि पुढें एकदां बसल्या बसल्याच तिनें चार ओरखडे काढले. परवां आम्ही गेलों तेव्हां मातोश्रींनीं खाटेखालून तीन टरफलें गोळा करून वाटींत जपून ठेवलेलीं आम्हांस दाखविलीं. पुढच्या पायांचीं दोन आंगठ्याचीं नखें तेवढीं सध्यां वहिनी कापतात, तींही मनी खाटेवर निजलेली असतांना, एक सोमवारीं व एक जमेल तेव्हां. बाकीचीं सोळा तिच्याकडे सोंपविलीं आहेत.